दुसऱ्या अपयशानंतर

अपयश ही यशाची पहिली पायरी होय, हे वाक्य अनेक शाळांच्या भिंतींवर रंगविलेले असते. निकालाच्या दिवशी मात्र त्याचा कोणाला फारसा आधार वाटत नाही. पहिले अपयश माणूस एक वेळ पचवितो. अनुभव नव्हता, साधने अपुरी होती, असे म्हणून मनाचे समाधान करता येते. चूक शोधली, ती प्रामाणिकपणे दुरुस्त केली, आणि तरीही पुन्हा अपयशच पदरी आले, म्हणजे खरी कसोटी लागते. भारताच्या अवकाश कार्यक्रमावर असा प्रसंग १९८८ साली आला होता. त्याची हकिकत फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती येथे थोड्या विस्ताराने देत आहोत.

त्यापूर्वीची कथा सर्वपरिचित आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून उडालेला एसएलव्ही-३ हा पहिला उपग्रह प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. पत्रकारांसमोर संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः उभे राहिले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचल्यावर मात्र त्यांनी प्रकल्प संचालक डॉ. अब्दुल कलाम यांना पुढे केले. वर्षभरात अपयश धुऊन निघाले. अशा कथा सांगावयास सोप्या असतात.

पुढील प्रक्षेपक एएसएलव्ही याची वाट इतकी सरळ नव्हती. सुमारे ४० किलोग्रॅम वजनाऐवजी १५० किलोग्रॅमपर्यंतचा उपग्रह नेता यावा, यासाठी जुन्या अग्निबाणाच्या दोन्ही अंगांना एकेक अग्निबाण जोडण्यात आला होता. हे दोन बाजूचे अग्निबाण प्रथम जळावयाचे आणि ते विझता विझता मधला मुख्य टप्पा पेटावयाचा, अशी योजना होती. २४ मार्च १९८७ रोजी बाजूचे अग्निबाण ठरल्याप्रमाणे जळाले. मधला टप्पा पेटलाच नाही. साहजिकच सर्व लक्ष प्रज्वलनाच्या व्यवस्थेवर केंद्रित झाले, आणि ती अधिक खात्रीची करण्यात आली.

१३ जुलै १९८८ रोजी दुसरे उड्डाण झाले. या वेळी मधला टप्पा पेटला. म्हणजे केलेली दुरुस्ती चुकीची नव्हती. तथापि बाजूच्या अग्निबाणांचा जोर ओसरणे आणि मधल्या टप्प्याने जोर धरणे, यांच्यामध्ये अल्पसा अवधी रिकामा राहिला. घनदाट हवेतून प्रचंड वेगाने जाताना अग्निबाणावर हवेचा ताण मोठा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला सावरणारे नियंत्रण अपुरे पडले. अग्निबाण कलला व मोडून पडला.

पहिल्या अपयशाच्या पोटात दुसरा दोष दडलेला होता, तो असा उघड झाला. एखाद्या संस्थेत अशा वेळी दोन मोह होतात: कोणा एकावर ठपका ठेवून फाईल बंद करावी, किंवा प्रकल्पच गुंडाळावा. येथे चौकशीत संस्थेबाहेरील तज्ज्ञांनाही सहभागी करून घेण्यात आले आणि रचनेच्या मुळाशी जाऊन विचार झाला. अग्निबाणाला स्थैर्य यावे म्हणून तळाशी पंख बसविण्यात आले. मधला टप्पा घड्याळाच्या ठरीव ठोक्यावर न पेटविता, बाजूच्या अग्निबाणांचा जोर प्रत्यक्ष किती उतरला हे पाहून पेटविण्याची व्यवस्था झाली. या सर्व कामात जवळजवळ चार वर्षे गेली. २० मे १९९२ रोजीचे तिसरे उड्डाण यशस्वी झाले खरे, पण उपग्रह अपेक्षेपेक्षा खालच्या कक्षेत राहिला. पूर्ण यश ४ मे १९९४ रोजी, चौथ्या उड्डाणात मिळाले.

शाळा व ग्रामपंचायत यांचा अग्निबाणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. गणितात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला 'अभ्यास कमी पडला' असे सांगणे म्हणजे 'टप्पा पेटला नाही' एवढेच सांगणे होय. तो शिकवणी लावतो, तास वाढवितो, पुन्हा बसतो आणि पुन्हा अडतो. कारण त्याचे अपूर्णांक पाचवीतच कच्चे राहिलेले असतात. २०१५ पासून दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी जुलै महिन्यात पुरवणी परीक्षा घेण्यास प्रारंभ झाला, त्यामुळे वर्ष वाचण्याची सोय झाली. मधल्या काही आठवड्यांत त्या मुलाजवळ बसून त्याची चूक पाहावयाची कोणी, हा प्रश्न शिक्षकांचा आहे. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मंडळाकडून मागविता येते. ती बहुधा गुण वाढतात का हे पाहण्यासाठीच मागविली जाते, हे खेदाने म्हणावे लागते.

ग्रामपंचायतीचेही तसेच आहे. पहिल्या उन्हाळ्यात रोपे जळाली तर पाण्याची सोय केली जाते. दुसऱ्या उन्हाळ्यातही जळाली तर 'आमच्या गावात झाडे जगत नाहीत' असा निर्वाळा दिला जातो. खड्ड्यात दीड हातावर कातळ लागला होता, हे खणणाऱ्या मजुराला ठाऊक असते. इतिवृत्तात त्याची नोंद नसते. मग पदाधिकारी बदलतात, आणि नवी मंडळी त्याच जागी तेच खड्डे नव्याने खणतात.

एएसएलव्हीची चारच उड्डाणे झाली, परंतु जोड-अग्निबाण व नियंत्रण यांविषयीचा अनुभव त्याच्याहून कितीतरी मोठ्या पीएसएलव्हीच्या कामी आला. तरी २० सप्टेंबर १९९३ रोजी त्याचेही पहिले उड्डाण फसले, ते वेगळ्याच कारणांनी. संगणक आज्ञावलीतील एक दोष त्यांत होता. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी तो यशस्वी झाला. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान आणि ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान घेऊन निघाला तो हाच प्रक्षेपक. १८ मे २०२५ रोजी त्याच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन एक उपग्रह गमवावा लागला, आणि कारणांचा शोध घेण्यासाठी पुन्हा एक समिती कामाला लागली.