भूगर्भातील नैसर्गिक हायड्रोजन
पश्चिम आफ्रिकेतील माली देशात बुराकेबुगू येथे १९८७ मध्ये पाण्यासाठी खोदलेल्या विंधनविहिरीतून ज्वालाग्राही वायू निघाल्याने ती बुजवण्यात आली. २०१२ च्या सुमारास ती पुन्हा उघडली असता त्या वायूत सुमारे ९८ टक्के हायड्रोजन आढळला आणि, वायूचे उत्पादन अल्प असले तरी, त्यावर गावाला वीज मिळाली. असा हायड्रोजन निर्माण होण्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे सर्पेंटिनीभवन, ज्यात ऑलिव्हिनसारख्या लोहयुक्त खनिजांशी उष्ण पाण्याची अभिक्रिया होऊन लोहाचे ऑक्सिडीकरण होते व पाण्यातील हायड्रोजन मुक्त होतो. मात्र खरी अडचण निर्मितीपेक्षा साठ्याची आहे, कारण हा अतिसूक्ष्म रेणू खडकांच्या फटींतून सहज निसटतो आणि भूगर्भातील सूक्ष्मजीवही तो फस्त करतात. बुराकेबुगूत डोलेराइट या अग्निजन्य खडकाचे थर त्याला अडवून धरतात, पण असे आवरण सर्वत्र लाभेलच असे नाही.