दोन-वीसची पोस्ट

भिलाईला मावसबहिणीकडे आठवडाभर राहिले होते. भावजी तिथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्टला. दोन वाजता सुट्टी, अडीचच्या आत स्कूटर दाराशी. डबा ओट्यावर, बूट कोपऱ्यात, आणि ताट वाढेपर्यंत हातात मोबाइल. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "आज मूगडाळीची कचोरी." दुसऱ्या दिवशी, "आज गरम जिलबी." मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. सिव्हिक सेंटरमधल्या कुठल्याशा मिठाईवाल्याची फेसबुक पोस्ट होती. तिसऱ्या दिवशी वेळ पाहिली आणि मागच्याही पाहिल्या. सगळ्या दोन-वीसच्या.

हा हलवाई कढई सोडून रोज बरोबर दोन-वीसला फोन घेऊन बसतो की काय, असं विचारलं तेव्हा बहीण हसली. "तो कशाला बसतोय? आपल्या मराठी मंडळातली एक पोरगी आहे, ती आठवड्याचं एकदम लावून ठेवते." लावून ठेवते, विरजण लावावं तसं म्हणाली. मला त्या पोरीला बघायचंच होतं.

पॉवर हाऊसच्या बाजारात तिच्या मामाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत ती बसते. पुढे मशीन सरकत असतं आणि ओल्या शाईचा थिनरसारखा उग्र वास डोळ्यांना झोंबतो. तो वास मी घरी नेला; रात्री पदराला येत होता. दाराशी फ्लेक्सच्या गुंडाळ्या: नेत्यांचे वाढदिवस, साड्यांचे सेल, कोचिंगच्या गुणवंतांचे ओळीने चेहरे. तेच चेहरे आत तिच्या स्क्रीनवर चौकोनी होऊन बसलेले. आधी माणसं चौकात बघायची, आता हातात बघतात, एवढाच फरक, असं मामांचं म्हणणं. छपाई कमी झाली हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मला मशीनच्या थांबण्यावरून कळलं.

तिचे आजोबा गोंदियाकडून इथे आले ते प्लांटच्या नोकरीसाठी. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत. वडीलही प्लांटमध्येच. घरात घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा. सहा, दोन, दहा. "दोनला गेट सुटते नं मावशी," ती म्हणाली, "बोरिया गेटवरून म्हणा, मेन गेटवरून म्हणा, माणूस घरी येऊन हातपाय धुते, मंग मोबाइल. दोन-वीसले पोस्ट टाकली का पहिल्या पानावर तीच दिसते."

पोस्ट आधीच लावून ठेवायचं टूल तिला संध्याकाळी सातची वेळ सुचवायचं. खातं पाहणाऱ्यांच्या वेळांची सरासरी काढून ‘सर्वोत्तम वेळ’ सांगण्याची सोय बऱ्याच टूलमध्ये असते आणि तिच्यासाठी अनेकदा पैसेही जास्त पडतात. तिने सात वाजताची पोस्ट महिनाभर लावून पाहिली, मग परत दोन-वीस. आकडे दाखव म्हटलं तर तिने वही उघडली खरी, पण त्यात समोसे किती गेले याची नोंद नव्हती, नुसते लाइक. मला शंका आहे. कायम कामगार पूर्वीच्या मानाने खूप उरलेले नाहीत, ठेकेदाराच्या माणसांच्या वेळा वेगळ्या. दोन-वीस हा तिच्या वडिलांच्या काळचा आकडा असावा. पण भावजींनी चौथ्या दिवशी येताना जिलबी आणली, तेव्हा मी गप्प बसले.

सात गिऱ्हाइकं आहेत तिची. मिठाईवाला, साडीवाला, नेहरूनगरचे दातांचे डॉक्टर, दोन कोचिंग, एक जिम, आणि फुकटातलं सातवं म्हणजे मंडळाचं पान. एकेकाची दोन-दोन खाती, डॉक्टरांचं आणि एका कोचिंगचं गुगलवरचंही. सोमवारी फोटो गोळा करायचे, मंगळवारी मजकूर, बुधवारी लावायचं.

कोणतं टूल घ्यायचं याचा घोळ तिने दोन वर्षं घातला. हूटसूट हे २००८ पासूनचं जुनं नाव. त्याची फुकट योजना २०२३ च्या मार्चअखेर बंद झाली आणि मग सगळ्यांत खालची पायरीसुद्धा महिन्याला ९९ डॉलरची झाली. "एवढे तर दोन गिऱ्हाइकं मिळून देत नाही." बफर २०१० चं. फुकटात तीन खाती, आणि प्रत्येक खात्यात एका वेळी दहाच पोस्ट रांगेत. त्यापुढे खात्यामागे पैसे. तिची खाती सोळा. मेटाचं स्वतःचं बिझनेस सूट फुकट, पण त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामच. झोहो सोशल आपल्याकडचं, चेन्नईच्या कंपनीचं, बिल रुपयांत. रुपयांत बिल ही काही देशभक्तीची गोष्ट नव्हे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याला आधीची खास मंजुरी लागू लागली, आणि परदेशी कंपन्यांची वसुली कित्येकांच्या बँकांनी अडवली. तिचं एक टूल असंच महिन्याच्या मधोमध बंद पडलं होतं, रांगेत पंचवीस पोस्ट ठेवून.

एका टूलने तर दोन-वीसची पोस्ट रात्री सात-पन्नासला सोडली. नवं खातं उघडताना घड्याळ ग्रिनिचचं राहून गेलं होतं. साडेपाच तासांचा फरक. आपली प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून ठरते ती छत्तीसगडमधूनच जाते. भिलाईचा सूर्य आणि घड्याळ यांत जेमतेम चार-पाच मिनिटांचं अंतर. अशा गावाला लंडनची वेळ दाखवणं म्हणजे हद्द झाली.

आणखी एका टूलमध्ये सणांची तयार दिनदर्शिका होती. तिच्यात डोनट दिवस होता. हरेली नव्हती, छेरछेरा नव्हता, तीजा तर नव्हतीच. आपला पोळा आणि इथला पोरा एकाच दिवशी येतो, म्हणून मंडळाच्या आणि मिठाईवाल्याच्या पानावर ती बैलांचा एकच फोटो दोन भाषांत लावते. व्हॉट्सअॅपचं स्टेटस मात्र यातलं एकही टूल टाकून देत नाही. ते ती रोज हाताने, सात गिऱ्हाइकांपैकी ज्याचा त्याचा फोन धरून करते. दुकानदारांना विचाराल तर गिऱ्हाईक येतं ते स्टेटस बघूनच.

हे सगळं ऐकताना मला वाटत होतं, प्रश्न पैशांचा आहे. मग तिने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "मी आधी हेच पाहते." बोट ‘पॉज’वर होतं, रांग थांबवायच्या बटणावर. का, तेही तिने सांगितलं.

९ ऑक्टोबर २०१८. सकाळी प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये गॅसच्या पाइपलाइनवर काम चाललं असताना स्फोट झाला, आग लागली. त्या दिवशी नऊ जण गेले, जखमींपैकी काही पुढच्या दिवसांत. ती तेव्हा नुकतीच या कामात आली होती, गिऱ्हाईक एकच. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणून साडीवाल्याच्या पानावर गरबा खेळणाऱ्या बाईचा फोटो आणि ‘जल्लोष शुरू!’ असं आदल्या रात्रीच लावून ठेवलेलं. वडील फर्स्ट शिफ्टला. ते रेल मिलमध्ये, भट्ट्यांपासून लांब. पण फोन लागेना. आई शेजारणींबरोबर सेक्टर नऊच्या हॉस्पिटलकडे धावली, ती मागोमाग. तिथल्या गर्दीत तिला ना साडी आठवली ना साडीवाला. पोस्ट आपल्या वेळेला गेली.

"कितीला?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"दोन-वीस," ती म्हणाली.

खाली लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं. दुकानदार संध्याकाळी ओरडला, पोस्ट तोवर चार तास तिथेच. वडील साडेतीनला घरी आले, सुखरूप. त्या दिवशी पोस्ट बंद करायला तिला संगणकापर्यंत पोचावं लागणार होतं. मोबाइलवर रांग दिसत नव्हती.

मशीन पुढे पुन्हा सुरू झालं. शाईचा वास आत आला. ती बोलत राहिली ते आता कामाचंच. बफरमध्ये एकेका खात्याची रांग थांबवता येते. मेटाच्या फुकट सूटमध्ये लावलेल्या पोस्ट एकेक करून काढाव्या लागतात, म्हणून तिथे ती दोन दिवसांपलीकडचं काही लावत नाही. इन्स्टाग्राम स्वतः पंचाहत्तर दिवस पुढचं लावू देतं. तिला त्याचा उपयोग नाही. "पंचाहत्तर दिवसानं काय होईन, कोनाले माहीत?"

शेवटी तिने निवडलं ते असं: फेसबुक-इन्स्टाग्राम मेटाच्या फुकट सूटवर, गुगलची दोन आणि मिठाईवाल्याचं खातं बफरच्या फुकट तिनांत, बाकी वही. पैसे देऊन घेतलेलं एकही टूल आज तिच्याकडे नाही. मामांना हे कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटलं.

तुम्ही दुकानासाठी, मंडळासाठी असं काही निवडत असाल तर ‘सर्वोत्तम वेळ’ सांगणाऱ्याला नंतर भेटा. आधी त्या टूलमध्ये खोटीच एक पोस्ट उद्यासाठी लावा, घराबाहेर पडा, आणि रस्त्यात उभं राहून मोबाइलवरून ती थांबवून बघा. तिने मला करून दाखवलं. अकरा सेकंद लागले.