एका वेळी एकच अडथळा

"सकारात्मक विचार करा" आणि "लक्ष एकाग्र करा" ही दोन वाक्ये आम्हा कॅडेट्सच्या कानांवर सतत पडतात. असेंब्लीत पडतात, खेळाच्या मैदानावर पडतात आणि गणिताचा पेपर हातात येण्यापूर्वी तर हमखास पडतात. पण हे ऐकून नेमके करायचे काय, ते फारसे कोणी सांगत नाही. डोळे मिटून "सगळे ठीक होईल" असे म्हणायचे का? कपाळाला आठ्या घालून पुस्तकाकडे टक लावून बसायचे का? असे करून काम चांगले होते, असा माझा तरी अनुभव नाही.

म्हणून या दोन गोष्टींचा अर्थ मी एका खऱ्या कामाच्या आधाराने सांगणार आहे. हे काम एप्रिल 1948 मध्ये जम्मूच्या डोंगराळ भागात झाले. ते करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

चार दिवसांचे काम

राणे यांचा जन्म 1918 मध्ये कारवारजवळच्या चेंडिया गावात झाला. 1940 मध्ये ते सैन्यात भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. ते बॉम्बे सॅपर्सचे. सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर जवान. रस्ता करणे, पूल बांधणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे ही त्याची कामे. त्याच्यामागून बाकीची फौज जाते.

1948 च्या एप्रिलमध्ये आपली फौज नौशेराहून राजौरीकडे निघाली होती. राजौरी शत्रूच्या ताब्यात होते आणि तिथले लोक सुटकेची वाट पाहत होते. रणगाडे लवकर पोहोचायला हवे होते. पण रस्ता शत्रूने जागोजाग अडवला होता. कुठे पाइनची मोठी झाडे आडवी पाडलेली, कुठे मोरी उडवलेली, कुठे सुरुंग पेरलेले. शिवाय या अडथळ्यांवर आजूबाजूच्या टेकड्यांवरून मशीनगनचा मारा चालू होता.

8 एप्रिलला सकाळी 11 वाजता राणे यांच्या तुकडीने काम सुरू करताच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान जागीच मृत्युमुखी पडले, पाच जखमी झाले. जखमींमध्ये राणे स्वतः होते. त्यांनी उरलेल्या जवानांना पुन्हा उभे केले आणि काम सुरू केले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बरवाली रिज आपल्या हाती आली. शत्रू आसपास होताच, तरीही राणे तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणू लागले. रात्री दहापर्यंत ते काम चालले.

9 एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीन वाजता वळणरस्ता तयार झाला. एवढ्यासाठी नऊ तास! राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसून निघाले. अर्ध्या मैलावर पाइनच्या झाडांचा अडथळा आला. ते उतरले आणि झाडे स्फोटाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तसाच अडथळा, पुन्हा तेच काम. त्यापुढे उडवलेली मोरी. तिच्या बाजूने मशीनगनच्या माऱ्यात नवा वळणरस्ता. सव्वासहाला अंधार पडू लागला तेव्हा समोर पाच मोठी झाडे आडवी होती आणि त्यांच्याभोवती सुरुंग होते. राणे सुरुंग काढू लागले, पण रणगाड्यांच्या तुकडीच्या कमांडरने परिस्थिती पाहून त्या दिवसापुरते थांबायचे ठरवले.

10 एप्रिलला पहाटे पावणेपाचला त्याच पाच झाडांपासून काम सुरू झाले. साडेसहाला ती बाजूला झाली. पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांची रांगच होती. साडेदहाला तीही संपली. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. रणगाडे गेले म्हणून राणे यांचे काम संपले नव्हते. मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना रस्ताच लागणार होता. ते अन्न आणि विश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत रस्ता मोकळा करत राहिले. 11 तारखेला सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि त्या रात्री दहापर्यंत पुढच्या रस्त्याचे काम चालू होते. 12 एप्रिलला आपली फौज राजौरीत होती.

या कामगिरीबद्दल राणे यांना परमवीर चक्र मिळाले. आम्हाला शाळेत त्यांच्या शौर्याची गोष्ट सांगतात. पण हा घटनाक्रम वेळांसकट वाचल्यावर माझे लक्ष त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीकडे गेले.

सकारात्मक म्हणजे काय?

अडचण समोर आली की मनात दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला प्रकार: "हे माझ्याच वाट्याला का आले? हे कसे होणार? नाही जमले तर?" दुसरा प्रकार: "आता पहिल्यांदा काय हलवायचे?" पहिल्या प्रश्नाचे कितीही उत्तर दिले तरी हाताला काम मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळताच हात चालू लागतात. माझ्या मते सकारात्मक दृष्टिकोन म्हणजे दुसरा प्रश्न लवकर विचारायची सवय.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सकारात्मक राहायचे म्हणजे वाईट गोष्ट नाहीच असे मानायचे, असे पुष्कळांना वाटते. सॅपरने असे मानले तर? "या रस्त्यावर सुरुंग नसेलच" म्हणून तो चालू लागला, तर तोही जाईल आणि मागची गाडीही जाईल. सॅपर दोन गोष्टी एकाच वेळी मानतो. सुरुंग आहे, आणि तो काढता येतो. फक्त पहिली गोष्ट मानणारा घाबरून थांबतो. फक्त दुसरी मानणारा बेफिकीर होतो. दोन्ही मानणाराच गुडघ्यांवर बसून सावधपणे कामाला लागतो.

म्हणूनच निराश झालेल्या मित्राला नुसते "पॉझिटिव्ह राहा" म्हणणे मला पटत नाही. ज्याचा एखाद्या विषयात चाचणीत दोनदा निकाल बिघडला आहे, त्याला या वाक्याने आणखी एकटे वाटते. त्याच्या शेजारी बसून "यातला कोणता धडा पहिल्यांदा काढूया?" असे विचारले, तर त्याला काहीतरी हातात दिल्यासारखे होते.

9 एप्रिलच्या संध्याकाळचा तो निर्णयही विसरू नये. राणे काम करायला तयार असतानाही कमांडरने अंधारात तुकडीला थांबवले. हा निर्णय नकारात्मक नव्हता. पहाटे पावणेपाचला काम पुन्हा सुरू झाले आणि पावणेदोन तासांत अडथळा दूर झाला. कधी थांबायचे हे ओळखणे आणि ठरल्या वेळी परत उभे राहणे, हाही कामाचाच भाग आहे.

लक्ष कसे विभागले जाते?

आता दुसरी गोष्ट, एकाग्रता. पाच झाडांसमोर उभे असताना पुढच्या हजार यार्डांचा विचार करून भागत नाही. आपले मन एका वेळी एकच अवघड काम नीट करू शकते. दोन कामे एकदम करतो असे वाटते तेव्हा खरे तर आपण एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत असतो आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ वाया जातो.

हे घड्याळ लावून तपासता येते. एका ओळीत 'क' पासून 'म' पर्यंतची 25 व्यंजने लिहा. खालच्या ओळीत 1 ते 25 आकडे लिहा. लागलेला वेळ नोंदवा. मग हेच काम आलटून पालटून करा: 'क', मग 1, मग 'ख', मग 2, असे शेवटपर्यंत. अक्षरे तेवढीच, आकडे तेवढेच. आमच्या डॉर्मिटरीत हे करून पाहिले, तर दुसऱ्या वेळी प्रत्येकाला जास्त वेळ लागला आणि कुणी 'ण' नंतर अडकला, तर कुणी आकडाच गाळला. प्रेपमध्ये गणित सोडवता सोडवता शेजाऱ्याशी मॅचबद्दल बोलणाऱ्याचे नेमके हेच होते. आपल्याकडची म्हण अगदी चपखल आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या.

फायरिंग रेंजवर हे आणखी स्पष्ट कळते. मागची गोळी कुठे लागली याचा विचार करत पुढची झाडली, की तीही भलतीकडे जाते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून नेमबाजी झाली तेव्हा ते सहावे होते, पालथे पडून झाली तेव्हा पाचवे आणि उभ्याने नेम धरताना ते तिसऱ्या क्रमांकावर आले. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे असते. सहाव्या क्रमांकाचे दुःख आणि एवढेसे वर्तुळ, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर धरता येत नाही.

लक्षालाही आधार लागतो

तरीही केवळ मनाच्या बळावर एकाग्र राहता येते असे नाही. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंगच्या मॉडेल 299 या नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. वैमानिक अत्यंत अनुभवी होते. पण जमिनीवर असताना विमानाचे नियंत्रण पृष्ठभाग अडकवून ठेवणारी कळ उड्डाणापूर्वी काढायची राहून गेली. विमान उडाले आणि लगेच कोसळले. अपघातात दोघांचा जीव गेला.

यावर "वैमानिक निष्काळजी होता" किंवा "विमानच वाईट आहे" असे म्हणून थांबता आले असते. तिथल्या वैमानिकांनी मात्र दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारला: हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे? त्यांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणात आणि उतरताना करायच्या गोष्टींची लेखी यादी केली. तीच चेकलिस्ट. पुढे हेच विमान बी-17 या नावाने हजारोंच्या संख्येने बनले, आणि आजही प्रवासी विमानाचा वैमानिक चेकलिस्ट पाहिल्याशिवाय विमान हलवत नाही. आपली स्मरणशक्ती दमते हे मान्य केले, की लक्ष महत्त्वाच्या ठिकाणी वापरता येते.

आपल्या शाळेत

हे सगळे आपल्या दिनक्रमात कसे आणायचे? मी स्वतः तीन गोष्टी पाळतो आणि त्यांचा उपयोग होतो.

पहिली: प्रेपला बसताना वहीच्या कोपऱ्यात त्या तासाचे एकच काम लिहायचे. "विज्ञान" असे नाही, तर "परावर्तनाची पाच उदाहरणे" असे. काम जितके लहान आणि स्पष्ट, तितके मन कमी भटकते.

दुसरी: किट इन्स्पेक्शनची यादी कपाटाच्या दाराला आतून लावायची. बूट, बेल्ट, बॅज, रुमाल. सकाळच्या घाईत डोक्याला त्रास नको.

तिसरी: अडलेले गणित सोडून देण्याआधी "मला जमत नाही" याऐवजी "मी कोणत्या पायरीवर अडलो?" एवढे एका ओळीत लिहायचे. ती ओळ सरांना दाखवली की सरांनाही लगेच कळते, काय समजवायचे ते.

प्रशिक्षकांना आणि सरांना एक नम्र विनंती आहे. "लक्ष द्या!" या आज्ञेबरोबर कशाकडे लक्ष द्यायचे तेही सांगावे. ऑब्स्टॅकलवर "जोर लाव" पेक्षा "डावा पाय वर घे" हे वाक्य लवकर कामाला येते.

पालकांनाही एक विनंती. रविवारी फोनवर आमच्याजवळ पाच-सात मिनिटे असतात. "कितवा नंबर आला?" हा प्रश्न नक्की विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच्या जोडीला "या आठवड्यात काय अडले होते आणि त्यातले काय सुटले?" हेही विचारा. नंबराचे उत्तर एका शब्दात संपते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना पुढच्या आठवड्याचे काम आपोआप ठरते.

आमच्यापैकी बरेच जण काही वर्षांनी गणवेशात असतील. तेव्हा आमच्या कामावर आमचे गुण अवलंबून नसतील, दुसऱ्यांचे जीव असतील. त्या चार दिवसांत राणे यांच्या मागे रणगाडे होते, रसदीच्या गाड्या होत्या आणि पलीकडे राजौरीचे लोक होते. इतके सगळे पाठीशी असताना त्यांनी दर वेळी समोरचे झाड हलवले, समोरचा सुरुंग काढला आणि पुढे गेले. आपल्यासमोर आज गणिताचा एक धडा आहे, तेवढा आधी बाजूला करूया.