समजून घ्या : स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाला प्राणवायू कुठून द्यायचा?

स्वरयंत्राची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या गळ्यात नळी दिसते. मात्र, प्रत्येक नळीचे काम वेगळे असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील वाडी-वस्तीवरून मोठे रुग्णालय गाठायला वेळ लागतो. त्यामुळे हा फरक घरच्यांनाही माहीत हवा.

फरक काय?
ट्रॅकिओस्टॉमीत श्वासनलिकेला गळ्यातून पर्यायी वाट दिली जाते. स्वरयंत्र जागेवरच असते. संपूर्ण स्वरयंत्र काढल्यास श्वासनलिकेचे टोक गळ्याच्या त्वचेला जोडतात. मग नाक-तोंडाचा फुप्फुसांशी संबंध उरत नाही. अशा रुग्णाच्या तोंडावर मास्क लावून उपयोग नाही. प्राणवायू गळ्यातील छिद्रावरच द्यावा लागतो. शस्त्रक्रिया नेमकी कोणती, हे माहीत नसल्यास दोन्हीकडे द्यावा. 108 वर फोन करतानाच हे सांगावे.

नळी कशासाठी?
छिद्र आकसू नये म्हणून सिलिकॉनची मऊ नळी बसवतात. छिद्र स्थिरावल्यावर काहींना ती लागत नाही. श्वासनलिका अरुंद झाली असेल, तर इंग्रजी ‘टी’ आकाराची माँटगोमेरी नळी तिला आतून आधार देते.

आवाजाचे काय?
श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत एकेरी झडप बसवता येते. एरिक ब्लॉम व मार्क सिंगर यांनी 1980 मध्ये ही पद्धत मांडली. छिद्र बोटाने झाकले, की हवा झडपेतून घशात जाते आणि तेथील कंपनातून आवाज उमटतो. परदेशी झडपा महाग पडतात. त्यामुळे बंगळूरुचे कर्करोग शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी सुमारे 50 रुपयांत मिळणाऱ्या झडपेची कल्पना पुढे आणली.

धोक्याची खूण कोणती?
पाणी पिताना ठसका लागला, तर झडप गळत असू शकते. झडप निसटल्यास ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि तिची वाट काही तासांत आकसू लागते. त्यामुळे सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरी काय करावे?
आतली नळी वेगळी निघत असेल, तर डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे रोज स्वच्छ करावी. गळ्यातून जाणारी हवा नाकाप्रमाणे गाळली जात नाही, ओलसरही होत नाही. त्यासाठी छिद्रावर फिल्टर किंवा पातळ कापडी आच्छादन ठेवावे. उसाचे पाचट पेटवलेल्या शेतापासून दूर राहावे. विहिरीत किंवा नदीत पोहणे टाळावे. छिद्रातून पाणी थेट फुप्फुसात जाते. खिशात ‘मी गळ्यातून श्वास घेतो’ अशी चिठ्ठी असावी. रुग्णाला बोलता येत नसेल, तेव्हा तीच कामी येते.