खाणीचें पाणी आणि त्याची नोंद

पनवेलजवळच्या कोन गांवीं विहीर खणूं लागल्यास काळा पाषाण लागतो, कोळसा लागत नाहीं. महाराष्ट्रांतील कोळसा विदर्भांत आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांत तो शंभरांहून अधिक वर्षें निघत आला आहे. वरोरा येथील जुनी सरकारी खाण १९०६ सालीं बंद पडली. पुढें घुग्गुस, माजरी, दुर्गापूर, सास्ती येथें खाणी निघाल्या व त्या १९७५ सालीं स्थापन झालेल्या, नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीकडे आल्या. मुंबई-पुण्याच्या घरांतील विजेचा मोठा भाग कोळशापासूनच होतो. म्हणून खाणीशेजारच्या गांवकऱ्यांचा प्रश्न शहरवासीयांसहि परका नाहीं. तो प्रश्न असा: विहिरीचें पाणी खाणीमुळें बिघडलें, कीं तें मुळांतच तसें होतें?

कोळशाच्या थरांत लोह व गंधक यांचें लोहमाक्षिक नांवाचें खनिज असतें. जमिनीच्या पोटांत तें निरुपद्रवी असतें. खोदकामामुळें त्यास हवा व पाणी लागलें, म्हणजे गंधकाम्ल तयार होतें. मेघालयांतील जैंतिया टेकड्यांत कोळशांत गंधक पुष्कळ असल्यामुळें नद्यांचें पाणी आंबट होऊन मासे नाहींसे झाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१४ सालीं तेथील अरुंद बिळें पाडून कोळसा काढण्याच्या पद्धतीस मनाई केली. वर्धा खोऱ्यांतील कोळशांत गंधक बेताचें असतें, शिवाय खडकांतील चुना अम्लास मारतो. त्यामुळें पाणी बहुधा आंबट होत नाहीं. परंतु तें जड होतें व त्यांत सल्फेट नांवाचे गंधकाचे क्षार वाढतात. केवळ आम्लता मोजून समाधान मानणारा परीक्षक येथें फसतो.

उलट बाजूहि आहे. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं विहिरींत फ्लोराइड अधिक सांपडतें. तें बहुधा खडकांतूनच आलेलें असतें. त्याचा दोष खाणीवर लादणें न्याय्य नव्हे.

म्हणून एका बाटलीच्या परीक्षेनें कांहींच सिद्ध होत नाहीं. खाणीच्या वरच्या अंगास, खालच्या अंगास आणि आसपासच्या झऱ्याविहिरींतून एकाच दिवशीं नमुने घ्यावे लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या पावसांत, पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यांत ही परीक्षा पुन्हां करावी लागते. पहिल्या पावसाचें महत्त्व विशेष. कारण खाणीबाहेर रचलेल्या मातीदगडांच्या ढिगांवरील गाळ व क्षार तोच नदीनाल्यांत आणतो. बाटली त्याच पाण्यानें तीनदां विसळावी. आम्लता व उष्णता जागच्या जागीं मोजावी, कारण प्रयोगशाळेंत पोंचेपर्यंत पाण्यांतील वायु उडून आंकडा बदलतो. झऱ्याची धार व विहिरीची पातळीहि लिहून ठेवावी. खाणींतील पाण्याच्या उपशानें शेजारची विहीर आटली, तर ती हानि रासायनिक परीक्षेंत दिसत नाहीं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें सल्फेट लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावें. दुसरा पाणवठा नसेल, तरच ४०० पर्यंत चालवून घेतात. समजा, एखाद्या विहिरींत तें ४० होतें व दहा वर्षांनीं १८० झालें. मानकाप्रमाणें पाणी अद्यापि चांगलेंच. पण वरच्या अंगाची विहीर ४० वरच राहिली असेल, तर बिघाड कोठून आला तें उघड आहे. मात्र तो पहिला ४० चा आंकडा कोणीं तरी लिहून ठेवलेला असला पाहिजे. तो नसेल, तर गांवकरी म्हणतात, पाणी पूर्वीं गोड होतें. खाणवाले म्हणतात, तें नेहमींच असें होतें. आणि दोघांचेंहि म्हणणें तोंडचेंच राहतें. अशा वादांत दुबळ्याचीच बाजू पडते.

यास्तव खाणीची पहिली कुदळ पडण्यापूर्वीं निदान एक वर्षाची, चारहि ऋतूंची नोंद झाली पाहिजे, आणि ती गांवच्या पंचायतींतहि ठेवली पाहिजे. कोनच्या आसपास कोळसा नसला, तरी पनवेल तालुक्यांत कारखाने आहेत आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून कासाडी नदी वाहते. तिच्यासाठींहि नियम हाच आहे.