धोंडो म्हणजे दगड! मग लाडक्या मुलाला हे नाव का ठेवायचे?

ना. धों. महानोर आणि र. धों. कर्वे ही नावं आपण नेहमी ऐकतो. पण त्यातल्या 'धों.'चं पूर्ण रूप विचारलं, तर अनेकजण अडखळतात. ते आहे 'धोंडो', दोघांच्याही वडिलांचं नाव. र. धों. यांचे वडील म्हणजे १९५८ साली, वयाच्या शंभरीत भारतरत्न मिळालेले महर्षी धोंडो केशव कर्वे.

हे नाव आलं 'धोंडा' या शब्दावरून. धोंडा म्हणजे दगड. शेवटचा ओकार जुन्या मराठी नावांमधला आहे. नारायणचा नारो, विठ्ठलचा विठो, तसा हा धोंडो. धोंडू, धोंडीबा, धोंडीराम ही त्याचीच भावंडं. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे यांचं नावही धोंडोपंतच.

आता मुख्य प्रश्न. पोटच्या पोराला दगड कोण म्हणेल? ज्या घरात आधीची मुलं दगावली आहेत, ते घर. देवी, पटकी अशा साथींच्या काळात हे अनेक घरांत घडायचं. नाव चांगलं ठेवलं तर दृष्ट लागेल, मृत्यूचं लक्ष जाईल, अशी भीती असायची. म्हणून नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचं. दगडाकडे कोण बघतंय? शिवाय दगड टिकतोही. दगडू, केरू (केरकचऱ्यातला), भिकाजी (भीक मागून मिळालेला) ही नावं याच समजुतीतली. बंगालमध्ये तर तीन कवड्यांना 'विकलेलं' मूल तीनकौडी व्हायचं! त्यामुळे घराण्याच्या वंशावळीत एखादा धोंडो दिसला, तर त्याच्या आधी जन्मलेली, पण कागदावर न आलेली भावंडं असू शकतात.

अर्थात प्रत्येक धोंडोमागे हेच कारण असेल असं नाही. अधिक मासाला 'धोंड्याचा महिना' म्हणतात. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतात तोच हा महिना. त्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणायची पद्धत होती.

मुलींच्या बाबतीत मात्र हिशोब उलटा होता. मुलगा जगावा म्हणून त्याला वाईट नाव, आणि मुलगी नको होती म्हणून तिला 'नकोशी'. धोंडो हे नाव आता नव्या बाळांना कुणी ठेवत नाही. नकोशी मात्र अगदी अलीकडेपर्यंत शाळेच्या हजेरीपटावर होती. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली.