चार्ज म्हणजे कुणाच्या डोक्यावरचा भार?



"मोबाईल चार्जिंगला लाव." "बँकेनं चार्ज कापला." "नव्या ग्रामसेवकानं चार्ज घेतला." "पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं." शिरूर-दौंडच्या कुठल्याही गावात हा एकच शब्द दिवसातून चार वेळा, चार अर्थांनी कानावर पडतो. आज त्याचीच उकल करू.

हा शब्द मूळचा गाडीचा. युरोपातल्या केल्ट लोकांकडून रोमन लोकांनी गाडीसाठी 'कारुस' हा शब्द आपल्या लॅटिन भाषेत घेतला. त्यावरून गाडीत माल लादण्यासाठी शब्द तयार झाला. तो पुढे फ्रेंच भाषेत गेला. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि नंतर हा शब्द 'चार्ज' होऊन इंग्रजीत रुळला. 'कार' आणि जहाजावरचा 'कार्गो' ही त्याचीच भावंडं. भीमा-घोड नदीकाठचा ऊस गच्च भरून कारखान्याकडे निघालेली बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. चार्जचा मूळ अर्थ तोच: लादणं, भार टाकणं.

आता एकेक अर्थ पाहू. मोबाईल चार्ज करतो, तेव्हा बॅटरीत वीज भरतो. चार्ज घेतला म्हणजे जबाबदारीचा भार घेतला. म्हणून मराठीत त्याला 'कार्यभार' म्हणतात. लाठीचार्जमध्ये मात्र चार्ज म्हणजे जोरानं चाल करून जाणं. महावितरणच्या बिलात 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' असं छापलेलं असतं. इंग्रजीत हे तिन्ही चार्जच. त्यातला स्थिर आकार महिनाभर दिवा लावला नाही तरी भरावा लागतो.

चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र. तपासानंतर पोलीस ते न्यायालयात देतात. त्यात आरोप ठेवलेला असतो, गुन्हा सिद्ध झालेला नसतो. निकाल न्यायालय देतं. म्हणून चार्जशीट झालं की कुणाला गुन्हेगार ठरवू नये. आणि आपण तक्रारदार असू तर काम संपलं असंही समजू नये. साक्षीपुरावा त्यानंतरच असतो.

जमिनीवरच्या चार्जला तर आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'बोजा'. शेतीवर कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा चढतो. कर्ज फेडलं तरी कागदावरचा बोजा उतरवून घ्यावा लागतो. त्यासाठी बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या आणि तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. नोंद कमी झाल्याचा नवा सातबारा हातात येईपर्यंत काम पूर्ण झालं असं धरू नका. नाहीतर पुढचं कर्ज काढताना किंवा वाटणी-विक्रीच्या वेळी जुनाच बोजा आडवा येतो.

सगळ्यात जपायचं ते कर्जावरच्या चार्जला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बँक किंवा मायक्रोफायनान्स कंपनी विनातारण कर्ज देते, त्याला रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम लागू आहेत. कर्ज देताना व्याज आणि सगळे चार्ज लिहिलेलं माहितीपत्रक द्यावंच लागतं. त्यात जे लिहिलेलं नाही, ते घेता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून दंड लावता येत नाही. हप्ता थकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. कर्जाचं कार्डही आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवं. तेव्हा "साहेब म्हणाले तेवढे भरले" असं नको. "हा चार्ज कशाचा? पत्रकात कुठं लिहिलाय?" असं विचारणं हा आपला हक्क आहे. पैसे दिले की पावती घ्यावी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक कागद आणावा: लाईट बिल, कर्जाचं कार्ड, पासबुक किंवा सातबारा. त्यात जिथं जिथं चार्ज, आकार किंवा बोजा दिसेल, तिथं तीन प्रश्न विचारा. हा भार कशाचा? किती? आणि उतरणार कधी? ज्या सखीला वाचता येत नाही, तिचा कागद सगळ्यांनी मिळून आधी वाचा. गाडीत किती माल भरलाय हे बैलाला कुणी सांगत नाही. आपल्याला मात्र विचारता येतं.